वापरलेल्या तेलाचे बायोडिझेल: धुताना दही का होते?

खटपट्या
नमस्कार मंडळी. तळणीच्या वापरलेल्या तेलाचे बायोडिझेल करण्याबद्दल विचारायचे आहे. सगळीकडे एकच कृती फिरते: एक लिटर तेल, २०० मिली मिथेनॉल, ५ ग्रॅम कॉस्टिक सोडा, ५५ अंशांवर तासभर ढवळा, रात्रभर ठेवा, खालचे ग्लिसरीन काढा. वापरलेल्या तेलासाठी टायट्रेशन करून (तेलाची आम्लता थेंबाथेंबाने मोजून) कॉस्टिक वाढवायचे, तेही करतो. सध्याचा हिशोब असा:

तेल ४० लिटर, गाळलेले. सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश, पिशवीवर शुद्धता ९० टक्के. टायट्रेशन ४ मिली. पोटॅशचे मूळ प्रमाण लिटरला ७ ग्रॅम, म्हणून (७ + ४) ÷ ०.९ = १२.२ ग्रॅम. मिथेनॉल ८ लिटर. तापमान ५५ अंश, वेळ दीड तास.

ग्लिसरीन छान खाली बसते, वरचा थर तांबूस आणि आरपार दिसतो. पण धुवायला पाणी घातले की सगळ्याचे पांढरे दही. कितीही वेळ ठेवले तरी थर सुटत नाही. कॉस्टिक जास्त होतेय की कमी? मिथेनॉल वाढवू का? आणि झालेले दही मोडायचे कसे?

रसायनी
दही होणे हे लक्षण आहे, रोग आधीच्या टप्प्यात आहे. पाणी आणि तेल एकमेकांत धरून ठेवणारे दोन पदार्थ यात असू शकतात. एक साबण. दुसरा अर्धवट प्रक्रिया झालेले तेल, म्हणजे मोनोग्लिसराइड आणि डायग्लिसराइड. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले (फॅटी ॲसिड) जोडलेली असतात. मिथेनॉल ती एकेक करून सोडवते. तिन्ही सुटली तर बायोडिझेल. एक-दोन अडकून राहिली तर जे उरते ते साबणासारखेच पाणी धरते.

गोची अशी की दोन्हींचे उपाय उलट आहेत. साबण जास्त असेल तर कॉस्टिक किंवा पाणी कमी करायचे, प्रक्रिया अर्धवट असेल तर कॉस्टिक किंवा मिथेनॉल वाढवायचे. निदान न करता आकडे हलवले तर सुधारण्याऐवजी बिघडेल. म्हणून आधी ३/२७ चाचणी करा.

२७ मिली कोरडे मिथेनॉल आणि ३ मिली बायोडिझेल एका उभ्या काचेच्या नळीत घालून हलवा. दोन्ही २० ते २२ अंशांवर हवीत. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळते, तेल विरघळत नाही. अर्ध्या तासाने तळाशी थेंब किंवा थर दिसला तर तेवढे तेल तसेच राहिले आहे. मिथेनॉल गार असेल तर चाचणी फसते, कारण संपृक्त मेदाम्लांची एस्टरही (म्हणजे बायोडिझेलचाच भाग) खाली बसू लागतात. नमुना ग्लिसरीन बसल्यावर वरच्या थरातला घ्या.

एक मर्यादा लक्षात असू द्या. मोनो आणि डाय मिथेनॉलमध्ये विरघळतात, त्यामुळे चाचणी पास म्हणजे शंभर टक्के रूपांतर असे नव्हे. पण नापास म्हणजे नक्की नापास.

बंब
दही घट्ट लागलेय म्हणजे विरजण चांगले होते! असो. रसायनीताईंना +१, आधी चाचणी.

घाणा
कोणी पाण्याबद्दल बोलेना म्हणून लिहितो. खटपट्या, तेल "गाळलेले" लिहिलेत, "वाळवलेले" लिहिले नाहीत. तळणीच्या तेलात पाणी असतेच, आणि गाळणीतून ते तेलाबरोबर सरळ खाली येते.

साधी तपासणी: जाड बुडाच्या कोरड्या भांड्यात थोडे तेल १३० अंशांपर्यंत तापवा. तडतडले किंवा बुडबुडे आले तर पाणी आहे. पण तडतड किती म्हणजे पाणी किती, हे कानाने कळत नाही. त्यापेक्षा ५०० ग्रॅम तेल मोजून घ्या, १३० अंशांवर बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवा, निवल्यावर परत वजन करा. अर्धा ग्रॅम घट म्हणजे ०.१ टक्का पाणी. त्याच्या आत असेल तर पुढे जा. वजनकाटा ०.१ ग्रॅमचा तरी हवा.

वाळवायची पद्धत: तेल ६० अंशांवर तापवून रात्रभर न हलवता ठेवा आणि तळाचे पाणी तोटीने काढा. मोकळे पाणी असे जाते. विरघळलेले पाणी राहते, त्यासाठी ८०–९० अंशांवर पंपाने फिरवत वरून फवारा करून टाकीत पाडा आणि टाकीचे तोंड पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. पातळ फवाऱ्यातून वाफ लवकर निघते.

तळाशी पाणी असताना तेल थेट १०० अंशांच्या वर कधीही नेऊ नका. खालच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि उकळते तेल टाकीबाहेर उसळते. आधी निथळा, मग तापवा.

मोजपट्टी
कॉस्टिकच्या हिशोबात एक चूक आहे, बऱ्याच जणांची होते म्हणून सविस्तर लिहिते.

टायट्रेशनचे द्रावण म्हणजे १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम पोटॅश. ते याच पिशवीतल्या पोटॅशचे केले असेल, तर ४ मिली याचा अर्थ "याच पिशवीतले ४ ग्रॅम". त्यात शुद्धता आधीच धरली गेली आहे. भागायचा असतो तो फक्त मूळचा ७. म्हणजे ७ ÷ ०.९ = ७.८, अधिक ४, एकूण ११.८ ग्रॅम. तुम्ही दोन्हींना भागले म्हणून १२.२ आले. ४० लिटरला सुमारे १८ ग्रॅमचा फरक. एवढ्याने दही होणार नाही, पण खराब तेलात टायट्रेशन १० आले की हाच फरक मोठा होतो.

टायट्रेशनची बाकी पथ्ये: १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फिनॉल्फ्थॅलिन या रंगसूचकाचे दोन-तीन थेंब टाका आणि तेल घालण्याआधी त्यालाच द्रावणाच्या थेंबांनी फिकट गुलाबीवर आणा. अल्कोहोलची स्वतःची आम्लता अशी बाजूला निघते. मग १ मिली तेल घाला, कोमट करून विरघळवा आणि मोजायला सुरुवात करा. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. नंतर तो आपोआप उडतो, ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, त्याच्या मागे लागू नका. १ मिली तेल अचूक मोजणे अवघड असते, म्हणून ३ मिली तेल ३० मिली अल्कोहोलमध्ये घ्या आणि उत्तराला तिनाने भागा. फिनॉल्फ्थॅलिन नसेल तर अल्कोहोलमध्ये मुरवलेली हळद चालते. पिवळ्याची लाल होते, बदल होतो तोही साधारण योग्य टप्प्यावर.

आणि पोटॅशची पिशवी उघडी ठेवू नका. ते हवेतली ओल शोषते आणि त्याचे कार्बोनेट होत जाते. ९० टक्के पिशवीवर असते, आत काय उरले आहे ते झाकण किती वेळा उघडले यावर ठरते.

डावखुरा
इतक्या चाचण्यांची गरज नाही असे माझे मत. धुण्याच्या पहिल्या पाण्यात थोडे व्हिनेगर किंवा ॲसेटिक ॲसिड टाका. दही झटकन फुटते, थर स्वच्छ सुटतो. काम झाले.

रसायनी
@डावखुरा, थर सुटतो हे खरे. पण साबण जातो कुठे? आम्लाने साबणाचे परत मेदाम्ल होते आणि मेदाम्ल पाण्यात नाही, बायोडिझेलमध्ये विरघळते. धुण्याचे पाणी स्वच्छ दिसते कारण घाण इंधनात परत गेली. साबण पाण्याबरोबर बाहेर काढायचा असतो, मोडून आत ठेवायचा नसतो. इंधनाच्या आम्लांकाची मर्यादा युरोपच्या ईएन १४२१४ आणि अमेरिकेच्या एएसटीएम डी६७५१ या दोन्ही मानकांत ०.५० आहे, म्हणजे ग्रॅममागे अर्धा मिलिग्रॅम पोटॅश लागेल इतकीच आम्लता. ती ओलांडली की पंपाच्या धातूवर परिणाम दिसू लागतो.

डावखुरा
साबण अगदी किरकोळ असेल तर शेवटच्या धुण्यात चिमूटभर आम्ल चालावे की.

रसायनी
शेवटच्या धुण्यात, साबण आधीच निघून गेलेला असताना, उरलेले कॉस्टिक मारण्यापुरते चालेल. पहिल्या पाण्यात दही फोडायला म्हणून नाही.

डावखुरा
मान्य.

सावधपणे
मिथेनॉलच्या धोक्यांबद्दल एकही शब्द आलेला नाही, म्हणून जरा लांब लिहितो. वगळून पुढे जाऊ नका.

मिथेनॉलचा उत्कलनांक ६४.७ अंश. ११ अंशांवरच त्याची वाफ पेट घेण्याइतकी होते, म्हणजे सामान्य तापमानाला ते कायम पेटायच्या तयारीत असते. हवेत ६ ते ३६ टक्के वाफ असली तर ठिणगीने स्फोट. ज्वाळा फिकट निळी, उजेडात दिसतच नाही. त्यामुळे उघड्या बादलीत ढवळणे, ड्रिल मशीनला पाते लावून ढवळणे, शेगडीवर तापवणे, हे तिन्ही बंद. ड्रिलच्या मोटरमध्ये ब्रशच्या ठिणग्या सतत उडत असतात. टाकी बंद हवी, वाफेची नळी कंडेन्सरमधून (वाफ गार करून परत द्रव करणारे साधन) बाहेर मोकळ्या हवेत, पंपाची मोटर ठिणगीरोधक. तापवायची कॉइल टाकीत असेल तर ती नेहमी तेलात बुडालेली हवी, आणि मिथेनॉल आत जाण्यापूर्वी तिचा वीजपुरवठा तोडायचा. तेल आधी ५५ वर आणा, मग मेथॉक्साइड टाकीत सोडा. तेवढ्या वेळात टाकी फार गार होत नाही, वरून इन्सुलेशन गुंडाळले की झाले.

मेथॉक्साइड म्हणजे मिथेनॉलमध्ये विरघळवलेले कॉस्टिक. हे विरघळताना तापते, म्हणून कॉस्टिक थोडे थोडे मिथेनॉलमध्ये, एकदम नाही. भांडे एचडीपीई प्लास्टिकचे, घट्ट झाकणाचे. ॲल्युमिनियम, जस्त, पितळ यांचा संपर्क नको. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाते आणि हायड्रोजन सोडते. हातमोजे लांब बाह्यांचे, डोळ्यांना पूर्ण बंद गॉगल. मिथेनॉल कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जाते, आत त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि पहिला घाला दृष्टीवर. परिणाम बऱ्याच तासांनी दिसतो, म्हणून "काही झाले नाही" म्हणून घरी बसू नका, तडक दवाखान्यात जा आणि मिथेनॉल असे नाव सांगा. रंगकामाच्या मास्कचे कोळशाचे फिल्टर मिथेनॉलची वाफ फार वेळ धरत नाहीत, त्यावर विसंबू नका. उघडी हवा हाच उपाय.

आणखी एक. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. असंपृक्त तेल हवेशी संयोग पावताना उष्णता देते, बोळ्यात ती कोंडते आणि फडके आपोआप पेटते. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बंद डब्यात ठेवा.

घाणा
सावधपणे यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा अशी व्यवस्थापकांना विनंती.

पिस्टन
एक मूलभूत प्रश्न. एवढा खटाटोप कशाला? रुडॉल्फ डिझेलच्या काळात १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात इंजिन सरळ शेंगदाण्याच्या तेलावर चालवले होते ना? गाळून टाकीत ओतले तर?

इंजिनवाला
चालवले होते, ऑटो कंपनीने. पण त्या इंजिनाचा वेग आणि इंधन फवारण्याची रचना वेगळी होती. अडचण दाटपणाची आहे. ४० अंशांना साध्या डिझेलची श्यानता २ ते ४.५, बायोडिझेलची ४ ते ५, वनस्पती तेलाची ३० ते ४० सेंटीस्टोक. इतके दाट इंधन इंजेक्टरमधून बारीक तुषार होऊन पडत नाही, धारेने पडते. पूर्ण जळत नाही, नोझलच्या तोंडावर कोळसा साचतो, पिस्टनच्या रिंगा अडकतात, न जळालेले तेल भिंतीवरून खाली ओघळून वंगणात जाते आणि तिथे घट्ट होऊन बसते. सुरुवातीला इंजिन झकास चालते, म्हणूनच माणूस फसतो. दोन टाक्यांची पद्धत आहे: डिझेलवर सुरू करायचे, तेल ७०–८० अंशांवर गेल्यावर त्यावर बदलायचे, बंद करण्याआधी परत डिझेलवर यायचे. जुन्या, मोठ्या, एकसारख्या भाराखाली चालणाऱ्या इंजिनाला ते जमते. कॉमन रेलला (नव्या, उच्च दाबाने इंधन फवारणाऱ्या इंजिनाला) अजिबात नाही.

१९३७ साली बेल्जियममध्ये शावान यांनी पेटंट घेतले ते नेमके यासाठीच: पामतेलाचे एथिल एस्टर करून दाटपणा उतरवायचा. आज आपण करतो ते तेच, फक्त मिथेनॉलने.

पिस्टन
मग इथेनॉलने का नाही? विषारी तरी नसते.

रसायनी
होते, पण पाणी अजिबात नको. साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, उरलेले पाणी साबण करायला पुरेसे आहे. निर्जल इथेनॉल घेतले तरी ते तेल आणि ग्लिसरीन दोन्हींत चांगले मिसळते, म्हणून थर सुटायला त्रास. सवय झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

रानबीज
अखाद्य तेलांबद्दल थोडे. करंज, मोह, मोगली एरंड यांच्या बिया ओलीत साठवल्या तर तेलातले मुक्त मेदाम्ल १५–२० टक्क्यांपर्यंत जाते. अशा तेलाला नुसते कॉस्टिक वाढवत गेलात तर टाकीभर साबण होतो. पोटॅशच्या टायट्रेशनचा १ मिली म्हणजे सुमारे अर्धा टक्का मेदाम्ल असे धरा. खटपट्यांचे ४ मिली म्हणजे २.२ टक्के, ते सरळ कॉस्टिकने होण्याजोगे आहे. ४–५ टक्क्यांच्या वर मात्र आधी आम्लाचा टप्पा घ्यावा.

तेल वाळवा. लिटरला ८० ते १०० मिली मिथेनॉल घ्या, त्यात ९५ टक्क्यांचे सल्फ्युरिक ॲसिड १ मिली थेंबाथेंबाने घाला. आम्ल मिथेनॉलमध्ये, उलट कधीच नाही. हे मिश्रण तेलात सोडून ५५–६० अंशांवर दोन तास ढवळा आणि थर बसू द्या. पाणी, मिथेनॉल आणि आम्ल यांचा थर या वेळी वर येतो, कारण मिथेनॉल हलके. तो काढा. मेदाम्लाचे एस्टर होताना पाणी तयार होते आणि तेच प्रक्रिया पुढे जाऊ देत नाही. म्हणून मेदाम्ल खूप असेल तर हा टप्पा दोनदा. मग परत टायट्रेशन. उरलेल्या सल्फ्युरिकचाही हिशोब त्यातच येतो: लिटरला १ मिली राहिले असेल तर ते एकटेच सुमारे २ ग्रॅम पोटॅश खाते.

घाण्याचे कच्चे तेल असेल तर डिंकही काढा. ६०–७० अंशांवर तेलाच्या २–३ टक्के गरम पाणी घालून अर्धा तास हळू ढवळा. फॉस्फोलिपिड पाणी पिऊन फुगतात आणि तळाशी बसतात. ते राहिले तर ग्लिसरीनचा थर नीट सुटत नाही. यानंतर अर्थातच पुन्हा वाळवणे आले.

एरंडेल टाळा. मिथेनॉलशी प्रक्रिया फार छान होते, पण त्याच्या मेदाम्लावर जादा हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे बायोडिझेलची श्यानताही १५ च्या आसपास राहते. दुसऱ्यात थोडे मिसळण्यापुरते ठीक.

चरबीवाला
प्राण्यांच्या चरबीला हेच सगळे लागू, फक्त ती ५०–६० अंशांवर वितळवून, गाळून, पाणी निथळून घ्यावी लागते. सीटेन अंक (इंधन किती चटकन पेटते याचे माप) उत्तम मिळतो. पण इंधन १२–१५ अंशांवरच गढूळ होते आणि फिल्टर अडते. पामतेलाचेही तसेच. मोहरीवर्गातल्या कॅनोलाचे शून्याखाली गेल्यावर. थंडीच्या दिवसांत चरबीचे बायोडिझेल २० टक्के आणि बाकी डिझेल असेच वापरा.

खटपट्या
सगळ्यांचे मनापासून आभार. आकडे घेऊन आलोय.

पाणी: ५०० ग्रॅम तेलात घट २.५ ग्रॅम, म्हणजे ०.५ टक्का.
३/२७: तळाशी स्पष्ट थर, साधारण ०.१ मिली.
साबण: मोजपट्टींनी निरोपातून पद्धत सांगितली ती केली. १ ग्रॅम न धुतलेले इंधन आयसोप्रोपिलमध्ये, ब्रोमोफिनॉल ब्लू, ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. निळ्याचे पिवळे व्हायला ४ मिली लागले.

म्हणजे साबणही जास्त आणि तेलही शिल्लक. दोन्ही एकदम कसे?

मोजपट्टी
पद्धत इथेही लिहून ठेवते. पोटॅशियमच्या साबणासाठी मिली × ३२०० ÷ नमुन्याचे ग्रॅम. सोडा वापरला असेल तर ३०४०. तुमचे उत्तर १२,८०० पीपीएम, म्हणजे १.२८ टक्के. धुतल्यावर हा आकडा जवळपास शून्य हवा, कारण तयार इंधनात सोडियम आणि पोटॅशियम मिळून ५ पीपीएमच्या आत लागते.

रसायनी
दोन्ही एकदम होण्याचे कारण पाणी. पाण्याच्या सोबतीने कॉस्टिक तेलालाच फोडून साबण करते. तिथे कॉस्टिक खर्च होते आणि मुख्य प्रक्रियेला कमी पडते. मग साबणही आणि अर्धवट तेलही.

तुमच्या टाकीतल्या पाण्याचा हिशोब मांडू. ४० लिटर तेल म्हणजे ३६.८ किलो, त्याचे अर्धा टक्का १८४ ग्रॅम. ९० टक्के शुद्धतेच्या पोटॅशमधला उरलेला भाग बहुतांशी पाणीच, सुमारे ४९ ग्रॅम. मेदाम्ल मारताना तयार होणारे सुमारे ४६ ग्रॅम. एकूण २८० ग्रॅमच्या जवळ. यातले शेवटचे दोन टळत नाहीत, पहिले टळते आणि तेच सर्वांत मोठे आहे. कॉस्टिक वाढवले असते तर साबण आणखी वाढला असता.

@डावखुरा, वरच्या वादाचे उत्तर या आकड्यात आहे. १.२८ टक्के साबण आम्लाने मोडला तर १.१ टक्का मेदाम्ल इंधनात परत येते आणि आम्लांक सव्वादोनच्या आसपास जातो. मर्यादा अर्धी.

आता असे करा. झालेले दही ५५–६० अंशांवर तापवून ठेवा. सुटले नाही तर थोडे मिठाचे गरम पाणी घाला, नंतर साध्या पाण्याने मीठ धुवून काढा, क्लोराइड धातूला चांगले नाही. सुटलेला वरचा थर वाळवून पुढच्या तेलात १०–२० टक्के मिसळा आणि परत प्रक्रियेला घाला.

पुढच्या घाणीला (खेपेला) तेल ०.१ टक्क्याच्या आत वाळवा. पोटॅश ११.८ ग्रॅम प्रमाणे ४७२ ग्रॅम. मिथेनॉल २२ टक्के, ८.८ लिटर. समीकरणाप्रमाणे साडेबारा टक्केच लागते, पण ही प्रक्रिया दोन्ही दिशांनी चालते, जादा मिथेनॉल तिला पुढे रेटते. मेथॉक्साइड दोन भागांत द्या: आधी ८० टक्के, तासभर ढवळा, थर बसवून ग्लिसरीन काढा, परत ५५ वर आणून उरलेले २० टक्के, आणखी तासभर. मधे ग्लिसरीन काढल्याने उलट्या दिशेला जायला काही उरत नाही. त्याच मिथेनॉलमध्ये रूपांतर बरेच पुढे जाते.

घाणा
यात एक भर. मागच्या घाणीचे ग्लिसरीन फेकू नका. त्यात जादा मिथेनॉल आणि बरेच न वापरलेले कॉस्टिक असते. नवीन वाळवलेल्या तेलात ५० अंशांवर ते तासभर ढवळून परत बसवा. मेदाम्ल साबण होऊन ग्लिसरीनबरोबर खाली जाते, टायट्रेशन उतरते, उरलेले पाणीही काही प्रमाणात ग्लिसरीन ओढून घेते. मुख्य प्रक्रियेआधी टायट्रेशन मात्र नव्याने करायचे.

डावखुरा
आकडा पटला. मग धुणे नेमके कसे करावे?

रसायनी
पहिले पाणी हळुवार: वरून बारीक फवारा, ढवळायचे नाही, इंधनाच्या एक-तृतीयांश पाणी, ४५–५० अंश. ते पांढरे होऊन खाली येईल, काढून टाका. दुसरे तसेच. तिसऱ्यापासून तळातून हवेचे बुडबुडे सोडले तरी चालते. खालून निघणारे पाणी आरपार आणि उदासीन झाले की थांबा. खात्रीसाठी बरणीत निम्मे इंधन, निम्मे पाणी घालून जोरात हलवा. चांगले इंधन अर्ध्या तासात स्वच्छ थर देते.

मिथेनॉल तापवून परत मिळवायचे असेल तर ग्लिसरीन पूर्ण काढल्याशिवाय तापवू नका. कॉस्टिक आणि ग्लिसरीन दोन्ही असताना मिथेनॉल काढून घेतले तर प्रक्रिया मागे फिरते आणि तयार झालेल्या एस्टरचे परत ग्लिसराइड होऊ लागते.

शेवटी ५५–६० अंशांवर फवाऱ्याने फिरवत वाळवा. गरम असताना स्वच्छ दिसणे पुरेसे नाही. निवल्यावरही पलीकडची छापील अक्षरे वाचता आली पाहिजेत. पाणी ५०० पीपीएमच्या आत.

पिस्टन
इंजिनात काही बदलावे लागते का?

इंजिनवाला
जुन्या गाडीत इंधनाच्या नळ्या नैसर्गिक रबर किंवा नायट्राइलच्या असतील तर त्या फुगून मऊ पडतात, व्हायटॉन या कृत्रिम रबराच्या घाला. बायोडिझेल टाकीत साचलेला जुना गाळ सोडवते, म्हणून पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदलावे लागते. ते इंधन खराब असल्याचे लक्षण नव्हे. तांबे, पितळ, शिसे, जस्त यांच्या टाक्या-तोट्या नकोत, त्यांच्यामुळे इंधन लवकर विटते. लिटरमागे ऊर्जा ८–९ टक्के कमी, तेवढे मायलेज उतरणार. वंगणाचा गुण मात्र डिझेलपेक्षा चांगला.

धुराच्या नळीत कणफिल्टर असलेल्या नव्या गाड्यांत जपून. फिल्टर जाळून साफ करायला ही इंजिने सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडतात. डिझेल उडून जाते, बायोडिझेलचा उत्कलनांक जास्त, ते भिंतीवरून वंगणात उतरते. डिपस्टिकवर तेल वाढलेले दिसले तर लगेच बदला. अशा गाडीत उत्पादकाने सांगितलेल्या टक्केवारीच्या वर जाऊ नये.

आणि साठवण: काठोकाठ भरलेले, बंद, अंधारात, तीन ते सहा महिने. वर मोकळी हवा आणि तळाशी पाणी राहिले तर हवेने इंधन विटते आणि पाण्याच्या सीमेवर जीवाणू वाढतात.

खटपट्या
तेल वाळवले, घट ०.३ ग्रॅमवर आली. मेथॉक्साइड दोन टप्प्यांत दिले. ३/२७ पूर्ण स्वच्छ, एकही थेंब नाही. पहिल्या फवाऱ्याचे पाणी दुधी, पण तासाभरात सुटले. दही नाही! आता शेवटचे एकच: घाणा यांनी सांगितले तसे ग्लिसरीन नव्या तेलाला वापरले, तरी शेवटी त्याचे काय करायचे?

घाणा
अभिनंदन. ४० लिटरमागे शुद्ध ग्लिसरीन सुमारे ३.८ किलोच असते, बाकी जे भांड्यात दिसते ते साबण, मिथेनॉल आणि कॉस्टिक. जादा घातलेल्या मिथेनॉलचा निम्म्याहून जास्त भाग यातच येतो. म्हणून आधी बंद भांड्यात कंडेन्सर लावून ते काढा. ६५ पासून निघायला लागते, शेवटी तापमान १०० च्या पुढे न्यावे लागते. मिळालेल्या मिथेनॉलमध्ये पाणी असते, ते न वाळवता मेथॉक्साइडला वापरले तर पुन्हा दही. मिथेनॉल न काढता हात धुण्याचा साबण करू नका, जमिनीवर किंवा गटारात ओतू नका.

रसायनी
पोटॅश वापरत असाल तर मिथेनॉल काढल्यावर फॉस्फोरिक ॲसिड हळूहळू घालून बघा, सामू ५ च्या आसपास आणा. तीन थर पडतात: वर मेदाम्ल, मधे ग्लिसरीन, तळाशी पोटॅशियम फॉस्फेटचे पांढरे स्फटिक. ते स्फटिक गाळून धुतले की खत म्हणून चालतात. वरचे मेदाम्ल रानबीज यांच्या आम्लाच्या टप्प्यात घालता येते, त्याचेही बायोडिझेल होते.